खोटा तळ

निवृत्तीनंतर सध्या काय चाललंय, असं आमच्या अपार्टमेंटमधल्या मराठी बायकांनी विचारलं की मी ‘स्टीलचं काम’ एवढंच सांगायची. त्यावरून कुणी भांड्यांचं दुकान समजायचं, कुणी जिन्याचे कठडे. एकदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझ्या तोंडून पूर्ण उत्तर निघून गेलं : “बिअर बनवायच्या टाकीत बसवतात तो तळ बनवते.” कैरीची डाळ वाढणारा हात तसाच थांबला. मग तिघी-चौघींनी आपापल्या खुर्च्या माझ्याजवळ ओढल्या. एकीने तर, “पण तुम्ही तर उपास करता ना?” असंही विचारलं. उपास करणाऱ्या बाईला वेल्डिंगचा जोड कळू नये असा काही नियम नाही, हे मी तिला समजावून सांगितलं आणि मग जे सांगत बसले ते इथे लिहिते आहे.

माझं माहेर बेळगाव. लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि इथल्या विमानांच्या सरकारी कारखान्यात पत्र्याच्या विभागात लागले. आयुष्यभर झाकणं, ब्रॅकेटं, हवा खेळायच्या झडपा यांची ड्रॉइंगं काढली. ते भाग कुठेतरी आकाशात असतील. पण एकदा तपासणी होऊन पेटीत गेले की पुन्हा माझ्या दृष्टीस पडायचे नाहीत. याची खंत म्हणावी इतकी ती मोठी नव्हती, पण होती. आमच्याच कारखान्यातला वेल्डिंगचा फोरमन मुनियप्पा माझ्या आधी निवृत्त झाला आणि त्याने होसकोटेच्या इंडस्ट्रियल एरियात एक शेड घेतली. मी निवृत्त झाल्यावर तो घरी आला. “अक्का, हात माझ्याकडे आहेत. ड्रॉइंग कोण काढणार?” एवढंच म्हणाला. आमचं बोलणं कन्नडात चालतं. इथे मराठीत लिहिते.

शेडवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. एका देवळाला पायसाची अशी कढई हवी होती, जी न कलंडवता रिकामी व्हावी. एका गृहस्थांना कुत्र्याला अंघोळ घालायला स्टीलचा हौद हवा होता, आणि ते माप घ्यायला कुत्र्यालाच घेऊन आले होते. पण ज्या कामाने माझे डोळे उघडले ते काम घेऊन आली ऋचा.

ऋचा नागपूरची. आयटीतली नोकरी सोडून ती परदेशी जाऊन बिअर बनवायचं शिक्षण घेऊन आली होती आणि सर्जापूर रोडवरच्या एका नव्या ब्रूपबमध्ये मुख्य ब्रूअर होती. ब्रूपब म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती विकली जाते अशी जागा. छोट्या टेम्पोतून ती एक मोठी वाकडी स्टीलची चकती घेऊन आली, टाकीबाहेर काढण्यासाठी कापून तुकडे केलेली. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज होतं.

“काकू, तुम्ही मराठी बोलता ना? बरं झालं. हिंदीत मला धड रडता पण नाही येत.”

तिला आधी पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते असं. बार्ली, म्हणजे आपला सातू, त्याला मोड आणून वाळवतात. ते जाडंभरडं दळून एका मोठ्या टाकीत गरम पाण्यात भिजत ठेवतात. त्या टाकीला मॅश टन म्हणतात. वजनाच्या टनाशी त्याचा संबंध नाही. मोड आलेल्या दाण्यातच अशी काही शक्ती असते की त्याच्यातल्या पिठाची आपोआप साखर होते. मग तो गोड रस खालून काढून घ्यायचा आणि चोथा वर राहू द्यायचा. त्यासाठी टाकीच्या खऱ्या तळाच्या थोडा वर फटी असलेला दुसरा तळ बसवतात. तो हा खोटा तळ.

“रस येणं बंद झालं, काकू. मी शिडीवर चढून वरून हलवून राहिले होते आणि एकदम धाडकन् तळच बसला खाली. गरम लापशी उसळून हातावर आली.” ती हाताकडे न बघताच बोलत होती. “मालक म्हणतात, आणखी एकदा करून बघ. नाही जमलं तर बाहेरचा माणूस आणतो, आणि ते नाचणीचं वेड पण बंद.”

वेड म्हणजे असं की तिला नाचणीची बिअर करायची होती. नाचणीला इथे रागी म्हणतात; इथे आल्यावर तिने पहिल्यांदा रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, खाल्ले आणि तिच्या डोक्याने घेतलं की बेंगळुरूत बनणाऱ्या बिअरमध्ये इथलं धान्य असलं पाहिजे. बार्लीत मोड आणून दळलेली नाचणी मिसळायची. पण नाचणी बारीक, तिला बार्लीसारखं जाड टरफल नाही; भिजली की खळीसारखी चिकट होते. टाकी तुंबली ती त्यामुळेच, असं मालकाचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, “समजलं. तुला जास्त बारीक चाळणी हवी.”

“नाही ना, काकू. सगळे इथेच चुकतात. हा तळ चाळणी नसतोच. चाळणी धान्यच असतं.”

मला वाटलं, पोरगी दमली आहे. ती समजावत राहिली. बार्लीची टरफलं एकावर एक बसत जातात आणि त्यांचा थर तयार होतो. पहिला रस गढूळ येतो, तो परत वरून सोडायचा. असं करत गेलं की थर आपणहून नीट बसतो आणि रस स्वच्छ यायला लागतो. तळाने फक्त त्या थराला धरून ठेवायचं. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नव्हतं. सगळं आयुष्य स्टीलमध्ये गेलेल्या बाईला टरफलांवर विश्वास ठेवणं जरा जड जातं.

मुनियप्पाने चकतीचे तुकडे जमिनीवर जुळवले, भोवती एक फेरी मारली आणि वाकून बोटांनी तिचा खळगा चाचपला. चकती बशीसारखी खोल गेली होती. पत्रा पातळ होता, त्याला गोल भोकं पाडलेली होती आणि आधाराला कडेची पट्टी व मधला एकच खांब.

“वजनाने वाकलं?” मी विचारलं.

“वजनाने वाकलं असतं तर आधी हळूहळू वाकलं असतं,” तो म्हणाला. “हे एका झटक्यात गेलंय.”

मग मला कारखान्यातली एक गोष्ट आठवली. इंधनाच्या एका टाकीची हवेची वाट चुकून बंद राहिली होती आणि खालून पंप चालू केल्यावर ती टाकी आत चेपली गेली होती, जणू कुणी मुठीत दाबली. मी ऋचाला विचारलं, “रस बंद झाल्यावर तू पंप चालूच ठेवला होतास का?”

“हो. म्हटलं ओढलं तर येईल.”

तिथेच सगळं उलगडलं. वरून रस खाली उतरत नव्हता आणि पंप तळाखालचा ओढून घेत होता. खाली पोकळी झाली. मग त्या पत्र्यावर नुसतं धान्य राहिलं नाही, त्याच्यावरची हवा बसली. एरवी आपण डोक्यावर घेऊन हिंडतो आणि जाणवतही नाही, तीच हवा. तो भार पुस्तकात मी शिकले होते, परीक्षेत लिहिला होता. पण त्या भाराने स्टीलची केलेली बशी आता समोर पडली होती. त्यात ऋचाचा नुसता हातच भाजला, हे नशीबच म्हणायचं.

टाकी बघायला आम्ही सर्जापूर रोडला निघालो. बेळ्ळंदूरच्या कोंडीत मुनियप्पाने एक छान झोप काढली. पबचे मालक दारातच भेटले, कानाला फोन लावलेले. “मॅडम, स्वल्प बेगा,” म्हणजे जरा लवकर करा, एवढं बोलून पुन्हा फोनवर गेले. माणूस वाईट नव्हता. पब उघडून बसला होता आणि स्वतःची बिअर नव्हती.

परत येताना आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पंपाने थेट टाकीतून ओढायचंच नाही. रस आपल्या वजनाने एका छोट्या भांड्यात पडू द्यायचा आणि पंपाने त्या भांड्यातून घ्यायचा. दुसरं, तळाखालून टाकीच्या बाहेर एक उभी काचेची नळी काढायची, वरून उघडी. तळाखाली ओढ वाढली की नळीतलं पाणी खाली जाईल आणि तुंबायच्या आधीच दिसेल. तिसरं म्हणजे तळ. गोल भोकांऐवजी मला आमच्या बेळगावकडच्या साखर कारखान्यांतली जाळी आठवली. ती त्रिकोणी तारेची असते. तारेची सपाट बाजू वर, टोक खाली. त्यामुळे दोन तारांमधली फट वर अरुंद आणि खाली रुंद होत जाते. जो कण वरून आत शिरला तो मध्ये अडकत नाही, सुटून जातो. खाली आडव्या पट्ट्यांचा दणकट सांगाडा आणि भरपूर पाय.

टाकीचं तोंड लहान, म्हणून तळ तुकड्यांत करावा लागतो; भाकरी मोडावी तसे तुकडे आत सोडायचे आणि आत जुळवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण स्टेनलेस स्टील तापलं की रुसतं. पहिला तुकडा वेल्डिंग करून टेबलावर ठेवला तर तो भाजलेल्या पापडासारखा एका कोपऱ्यात उचलला गेला. मुनियप्पाने तो तोडला. मग त्याने एक टाका इथे, दुसरा लांब त्या टोकाला, तिसरा मध्ये, अशी उड्या मारत वेल्डिंग सुरू केली. प्रत्येक टाक्यानंतर हात लावून बघायचा आणि गार झाल्याशिवाय शेजारी जायचं नाही. खाली तांब्याची पट्टी, उष्णता पिऊन टाकायला. तुकडा संपवायला वेळ लागायचा आणि तोवर मुनियप्पाशी बोलण्यात अर्थ नसायचा. संपल्यावर मी त्यावर सरळ पट्टी ठेवायची आणि तिच्याखाली वर्तमानपत्राचा कागद सरकतो का बघायची. कागद सरकत नव्हता. इतकी वर्षं या माणसाची वेल्डिंग मी पाहत आले, पण तापलेल्या धातूला अशा धीराने सपाट ठेवताना बघून मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

सगळे तुकडे शेडमध्ये जमिनीवर जुळवले तर पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल झालं. आम्ही खुशीत सर्जापूर रोडला नेले, आणि ते बसेनात. एका बाजूला घट्ट अडायचे, समोरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. मुनियप्पाने टाकीच्या आत टेप धरली, आडवी, मग उभी.

“अक्का, आपलं गोल आहे. टाकी गोल नाही.”

कधीतरी ट्रकवर आडवी घालून आणताना टाकी किंचित चेपली असावी. बाहेरून डोळ्यांना कळतही नव्हतं. पण तेवढ्या फटीतून सगळं धान्य खाली गेलं असतं. ऋचाचा चेहरा उतरला. मालकांनी पुन्हा बिअर करून बघायला त्या आठवड्याचा शेवटचा दिवस ठरवून ठेवला होता. मापं घेऊन भागणार नव्हतं. टाकीच्या कडेचा जसाच्या तसा ठसा हवा होता आणि त्यासाठी कुणीतरी आत उतरायला हवं होतं. मुनियप्पाचे खांदे तोंडातून जाईनात. ऋचाच्या हाताला बँडेज. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी ओढणी काढून ठेवली, चपला काढल्या, आणि साठी उलटलेली मी त्या भोकातून आधी पाय, मग बाकीची, अशी आत उतरले. आत मी उभी राहिले. चहूबाजूंनी गुळगुळीत स्टील, वर उजेडाचा एक गोल, आणि धुतल्यावरही राहिलेला भाजलेल्या धान्याचा वास. मी ‘ऋचा’ म्हणून हाक मारली तर माझाच आवाज घंटेसारखा भोवती फिरून परत आला. मग गुडघ्यांवर बसून जाड पुठ्ठा कडेला दाबत, पेन्सिलने रेघ ओढत मी टाकीभर फिरले. बाहेर येताना मुनियप्पाने हात दिला आणि पुठ्ठा बघून म्हणाला, “अंड्यासारखी आहे.” त्या अंड्याप्रमाणे आम्ही कडेचे तुकडे पुन्हा केले आणि भोवती सिलिकॉनची मऊ पट्टी बसवली. या वेळी शेवटचा तुकडा जागेवर बसताना नुसता ‘टक्’ आवाज आला.

ब्रूच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच पोचलो. खरं तर आमचं काम संपलं होतं. ऋचाने बोलावलं नसतं तरी मी गेले असते.

तिने दळलेली बार्ली आणि नाचणी गरम पाण्यात सोडली आणि त्यात भाताचा तूस मिसळला. नाचणीला टरफल नाही, म्हणून दुसऱ्याचं टरफल उसनं. टाकीतून गरम, गोड वास येऊ लागला. आंबील शिजताना येतो तसा, पण त्याहून दाट. मला एक चमचा चाखायला देऊन तिने झाकण लावलं आणि ती थांबली. मग आणखी एक चमचा काढून माझ्या तळहातावर ओतला. मघाशी पिठूळ लागलेलं पाणी आता गोड लागत होतं. कुणी साखर घातली नव्हती. मी पुन्हा चाखलं. धान्याच्या आत हे होतं आणि गरम पाण्याची वाट बघत होतं.

“आता उघडते,” ऋचा म्हणाली. मालक फोन खिशात ठेवून येऊन उभे राहिले.

तिने नळ थोडासाच उघडला. आला तो रस ताकासारखा गढूळ, त्यात टरफलांचे कण. माझ्या तळातून कण आले होते! ऋचाने शांतपणे तो भांड्यातून उचलून वरून धान्यावर पसरला. पुन्हा गढूळ. पुन्हा वर. मुनियप्पा नळीकडे बघत होता; नळीतलं पाणी थोडं उतरून थांबलं. मी त्या धारेकडे बघत होते. कधी बदल झाला ते मला सांगता येणार नाही. ताकाचं पन्हं झालं, पन्ह्याचा चहा झाला, आणि मग ऋचाने धारेखाली ग्लास धरून खिडकीसमोर उचलला. ग्लासातून पलीकडच्या बांधकामावरची क्रेन दिसत होती, तिच्या दोरासकट.

मी स्टीलच्या फटी मापून केल्या होत्या. त्या फटींतून जाऊ शकेल असा कितीतरी गाळ त्या टाकीत होता. तो आता येत नव्हता. माझ्या जाळीने अडवला नव्हता. वर टरफलांनी एकमेकांना धरून, कुणीही न सांगता, माझ्या हातून कधी झाली नसती अशी बारीक जाळी विणली होती. ऋचा शेडमध्ये तेच सांगत होती आणि मी मान डोलावत होते. आता ते पटलं.

अर्धा रस आला असेल, तेवढ्यात मुनियप्पा म्हणाला, “उतरतंय.” नळीतलं पाणी खाली चाललं होतं. धार बारीक झाली. नाचणीचा चिकटपणा थरात दाटत होता. मालक पुढे झाले, “पंप लावा ना!” ऋचाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने नळ बंद केला आणि दुसऱ्या वाटेने तळाखालून अगदी हळू गरम पाणी सोडलं. मी शिडीवर चढून आत बघत होते. सगळा धान्याचा थर, एवढा जड, सावकाश वर उचलला गेला. झोपलेल्या माणसाची छाती श्वास घेताना उचलते, तसा. पृष्ठभागावर बारीक भेगा पडल्या, वाफ निघाली आणि थर पुन्हा खाली बसला. खाली माझा तळ होता आणि तो हललाही नाही.

ऋचा थोडा वेळ थांबली. कपाळावरचा घाम बँडेजवर पुसला. मग नळ उघडला. नळीतलं पाणी स्थिर राहिलं. धार आली, आधी जराशी मळकट, ती तिने वर सोडली, आणि मग स्वच्छ, एकसारखी. शेवटपर्यंत तशीच राहिली.

“आलं, काकू,” ती म्हणाली, आणि एकदम खाली बसली. भिंतीला टेकून, ओल्या जमिनीवर. रडतेय की हसतेय ते तिलाही कळत नसावं. मी तिच्या शेजारी बसले. कपडे ओले झाले, होऊ दिले.

मालक शिडी चढले आणि टाकीत डोकावले. आत नुसता चोथा दिसत होता. “मॅडम, तुमची जाळी कुठाय? काहीच दिसत नाही,” ते म्हणाले.

“दिसणार नाही, सर,” ऋचा खालूनच म्हणाली आणि भरलेला ग्लास वर करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला आणि बराच वेळ हातातच ठेवला. “यात रागी आहे?” त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. ते शिडीवरून उतरले ते सावकाश, ग्लास न सांडता.

दुपारी चोथा काढायला सुरुवात झाली. तो गाईंना जातो. आसपासच्या गोठ्यातले लोक पिंपं घेऊन आले होते. टाकी रिकामी झाल्यावर मुनियप्पाने टॉर्च घेतली आणि मी चोथा काढायच्या बाजूच्या तोंडातून हात घालून तळाचा एक तुकडा सोडवून उचलला. सपाट होता, गेला तसाच. त्याखाली टाकीचा खरा तळ उघडा झाला. आम्ही दोघंही वाकलो. तिथे एकही दाणा नव्हता, टरफलाचा तुकडाही नव्हता. फक्त शेवटच्या रसाचं छोटंसं डबकं राहिलं होतं, मधाच्या रंगाचं, आणि त्याच्या आरपार स्टीलवरच्या घासल्याच्या रेघा दिसत होत्या.

मुनियप्पाने टॉर्च धरूनच ठेवली. होसकोटेजवळच्या त्याच्या गावी त्याच्या वडिलांनी जन्मभर नाचणी पेरली. तो लहानपणापासून तिन्ही त्रिकाळ तीच खात आला. त्याने बोट त्या डबक्यात बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

“अक्का,” तो म्हणाला, “ही आमची रागी?”

मी हो म्हटलं. त्याने पुन्हा बोट बुडवलं.